आधी कोण, नंतर कोण? नेटवर्क ड्रायव्हरांपुढचा नोंदणीचा प्रश्न

लिनक्स कर्नलमध्ये नवा नेटवर्क इंटरफेस उभा राहिला की त्याची दखल घ्यायला बरेच जण टपलेले असतात. ब्रिज, बाँडिंग, व्हीलॅन, आयपी पत्ते सांभाळणारे भाग, आरडीएमएचा गाभा, फायरवॉल. यातल्या प्रत्येकाला ‘नवा आला’ आणि ‘जुना गेला’ हे कळावं लागतं, आणि ते कळवण्यासाठी कर्नलमध्ये नोटिफायरांची एक साखळी आहे. ज्याला खबर हवी त्याने आपलं एक फंक्शन त्या साखळीत अडकवायचं. इंटरफेसच्या आयुष्यात काही घडलं की कर्नल साखळीतल्या प्रत्येकाला हाक मारतो. यंत्रणा जुनी आहे, वाचायला सोपीही आहे. तरी तिच्यापायी ड्रायव्हर लिहिणारी माणसं वर्षानुवर्षं बग काढत आली आहेत. त्यातले पुष्कळसे बग मला एकाच समजुतीतून निघालेले दिसतात: सूचना आली म्हणजे परिस्थिती कळली, ही ती समजूत. सूचना एवढंच सांगते की काहीतरी घडलं. त्या क्षणी दुसऱ्या बाजूची तयारी कुठवर आली आहे, आपण स्वतः तयार आहोत का, हीच सूचना मघाशी एकदा येऊन गेली का, हे ड्रायव्हरने स्वतःच पाहायचं असतं.

साखळीची एकेक कडी अगदी लहान असते. तिच्यात तीनच गोष्टी: बोलवायच्या फंक्शनचा पॉइंटर, पुढच्या कडीचा पॉइंटर आणि प्राधान्याचा आकडा. घटनांना क्रमांक दिलेले आहेत. इंटरफेस चालू झाला की १, बंद झाला की २, नोंदणी झाली की ५, नोंदणी रद्द झाली की ६. पुढे एमटीयू बदलणं, मॅक पत्ता बदलणं, नाव बदलणं, दुसऱ्या इंटरफेसच्या हाताखाली जाणं अशी यादी वाढत गेली. पूर्वी हँडलरला थेट इंटरफेसचा पॉइंटर मिळायचा. २०१३ साली, ३.११ आवृत्तीच्या वेळी, त्याजागी माहितीचं एक स्ट्रक्चर आलं, आणि घटनेबरोबर जास्तीचा तपशील पाठवायची वाट मोकळी झाली. काही घटनांना हँडलर हरकतही घेऊ शकतो. नोंदणीला घेऊ शकतो आणि मग ती नोंदणी मागे घेतली जाते; चालू-बंद होण्याला मात्र तूर्त हरकत घेता येत नाही, असं हेडर फाइलमधल्या शेऱ्यातच लिहून ठेवलेलं आहे.

नोंदणीच्या फंक्शनमध्ये कोणत्या क्रमाने काय होतं ते जरा जवळून पाहायला हवं, कारण पुढचे बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात. ड्रायव्हर आरटीएनएल हे मोठं लॉक धरून आत शिरतो. मागितलेलं नाव आधीच कोणी घेतलेलं नाही ना, हे तपासलं जातं. ड्रायव्हरचं स्वतःचं इनिट फंक्शन चालतं. इंटरफेसला क्रमांक मिळतो. मग ‘पोस्ट-इनिट’ ही पहिली सूचना साखळीत फिरते. त्यानंतर सिसएफएसमध्ये नोंद होते, आणि त्याच पावलावर युडेव्हला, म्हणजे युजरस्पेसला, तो इंटरफेस दिसू लागतो. मग त्याची अवस्था ‘नोंदलेला’ अशी बदलते, तो इंटरफेसांच्या यादीत जातो, आणि तेव्हा कुठे ‘रजिस्टर’ ही सूचना सुटते. नेटलिंकवरून युजरस्पेसला जाणारा रीतसर संदेश तर त्याच्याही नंतर. म्हणजे ‘रजिस्टर’ ऐकून जो ड्रायव्हर त्या इंटरफेसवर एखादी खूण करायला बसतो, त्याच्या आधीच युडेव्हची नजर तिथे पडलेली असू शकते. फट अगदी बारीक आहे. पण शेकडो मशीन एकाच वेळी बूट होणाऱ्या ठिकाणी बारीक फटीतूनही कोणीतरी सापडतंच.

यात आणखी एक सोय आहे, आणि ती फार विचारपूर्वक केलेली आहे. साखळीत उशिरा सामील होणाऱ्याला मागचं कळावं म्हणून, आधीपासून हजर असलेल्या प्रत्येक इंटरफेससाठी कर्नल त्याला ‘रजिस्टर’ नव्याने पाठवतो. इंटरफेस चालू असेल तर पाठोपाठ ‘अप’ही पाठवतो. त्या नव्याने मध्येच हरकत घेतली, तर आधी पाठवलेल्या सूचना ‘गोइंग-डाऊन’, ‘डाऊन’, ‘अनरजिस्टर’ अशा उलट सूचनांनी फेडल्या जातात. साखळीतून बाहेर पडणाऱ्यालाही हजर इंटरफेसांच्या निरोपाच्या सूचना मिळतात, म्हणजे त्याने मांडलेला पसारा त्याच हँडलरमधून आवरता यावा. त्यामुळे मॉड्यूल लोड होताना ड्रायव्हरला सगळे इंटरफेस वेगळे धुंडाळत बसावं लागत नाही. पण नव्याने पाठवल्या जातात त्या ‘रजिस्टर’ आणि ‘अप’ एवढ्याच. ‘पोस्ट-इनिट’ त्यात नाही.

हा तपशील एका ड्रायव्हरला चांगलाच महागात पडला. तो ड्रायव्हर म्हणजे हायपर-व्हीवरच्या लिनक्स मशीनना नेटवर्क पुरवणारा नेटव्हीएससी. नोंदणीच्या सूचनांचा सगळा प्रश्न ज्यात एका ठिकाणी पाहायला मिळतो असं याच्याइतकं चांगलं उदाहरण माझ्या माहितीत दुसरं नाही, म्हणून त्याच्याकडे अंमळ सावकाश पाहतो.

हायपर-व्हीचे लिनक्स ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टने जुलै २००९मध्ये जीपीएल परवान्याखाली कर्नलला दिले. आज ॲझ्युरवर चालणारी लिनक्स मशीन याच ड्रायव्हरवर विसंबून असतात. पुण्यातल्या ‘सेंट्रल इंडिया’ विभागातलीही त्यात आली. अशा व्हर्च्युअल मशीनला वेगवान नेटवर्क दिलेलं असेल, तर आतून दोन कार्डं दिसतात. एक कृत्रिम कार्ड, व्हीएमबसवरून येणारं, कायम हजर असणारं. दुसरं व्हीएफ, म्हणजे खऱ्या कार्डाचा एसआर-आयओव्हीने तोडून दिलेला तुकडा. हे दुसरं खूप वेगवान, पण होस्ट ते केव्हाही काढून घेऊ शकतो: दुरुस्तीसाठी, किंवा मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवताना. तेव्हा वाहतूक अलगद कृत्रिम कार्डावर यावी आणि व्हीएफ परतल्यावर पुन्हा त्याच्यावर जावी, अशी अपेक्षा असते. दोघांचा मॅक पत्ता एकच. आयपी पत्ता, राउटिंग, फायरवॉलचे नियम हे सगळं कृत्रिम कार्डावर; व्हीएफने त्याच्या हाताखाली मुकाट काम करायचं.

आधी ही जोडणी बाँडिंगने व्हायची, आणि त्यासाठी कर्नलच्या सोर्समध्ये एक स्क्रिप्टही होती. २०१७ साली स्टीफन हेमिंगर यांनी ती ड्रायव्हरच्या पोटात घेतली आणि ४.१४ आवृत्तीपासून ती तशीच आहे. तेव्हापासून नेटव्हीएससी साखळीत कान लावून बसतो. ‘रजिस्टर’ आली की हा इंटरफेस आपला व्हीएफ आहे का ते पाहायचं, असेल तर त्याला हाताखाली घ्यायचं. ‘अनरजिस्टर’ आली की सोडून द्यायचं. ओळख पटवायलाही बरीच छाननी लागते. नुसता मॅक पत्ता जुळून भागत नाही, कारण त्याच कार्डावर चढवलेल्या व्हीलॅनचा किंवा बाँडचा मॅकही तोच असतो. म्हणून इथरनेट नसलेले, व्हीलॅन आणि बाँडचे मास्टर सुरुवातीलाच गाळले जातात. मग पीसीआय स्लॉटच्या अनुक्रमांकावरून जोडी जुळवली जाते, आणि ते जमलं नाही तरच मॅककडे वळायचं. एक तपासणी मला विशेष आवडते. जुळणी झाल्यावर हँडलर विचारतो: माझा स्वतःचा अंतर्गत भाग तयार आहे का, आणि माझ्याकडे आधीच एखादा व्हीएफ आहे का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ किंवा दुसऱ्याचं ‘हो’ आलं, तर काहीही न करता परत फिरायचं. एकच सूचना दोनदा आली तरी बिघडू नये, अशी ती बेगमी आहे.

जोडी जुळल्यावरही व्हीएफ ताबडतोब चालू केला जात नाही. सुमारे एक दशांश सेकंद थांबून एक लांबवलेलं काम ते करतं, कारण मधल्या वेळात युडेव्हला व्हीएफचं नाव बदलायचं असू शकतं आणि चालू इंटरफेसचं नाव बदलणं अडचणीचं असायचं. या लांबवलेल्या कामात एक सापळा दडलेला आहे. ‘अनरजिस्टर’चा हँडलर आरटीएनएल धरून असतो आणि हे काम रद्द करून ते पुरतं थांबेपर्यंत वाट पाहतो. कामाला स्वतःला आरटीएनएल हवंच असतं. ते जर लॉकसाठी ताटकळत बसलं, तर दोघं एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकणार. म्हणून तिथे लॉक मागून पाहायचं, मिळालं नाही तर काम पुन्हा रांगेत टाकून निघून जायचं, असं लिहिलेलं आहे. असल्या चार ओळी वाचून ड्रायव्हर लिहिण्याबद्दल जेवढं शिकायला मिळतं तेवढं जाडजूड पुस्तकातही क्वचितच मिळत असेल.

इतकं असूनही २०२३च्या नोव्हेंबरमध्ये या ड्रायव्हरसाठी तीन दुरुस्त्या एकत्र आल्या, आणि तिन्ही क्रमाच्याच होत्या. पहिलीत प्रश्न नावाचा होता. कृत्रिम कार्ड तयार होत असताना त्याने होस्टला ‘मला एसआर-आयओव्ही चालतं’ असं कळवलं, की होस्ट लगेच व्हीएफ पुढे करतो. मग व्हीएफची नोंदणी कृत्रिम कार्डाच्या आधी पुरी होऊ शकते, ईटीएच०सारखं पहिलं नाव तोच पटकावतो, आणि नावावर बेतलेलं कॉन्फिगरेशन भलत्याच कार्डाला लागतं. उपाय असा केला की होस्टला ते कळवण्याच्या आधीपासूनच आरटीएनएल धरून ठेवायचं. व्हीएफला नोंदणीसाठी तेच लॉक लागतं, त्यामुळे तो मागे राहतो.

दुसरी दुरुस्ती वर सांगितलेल्या फटीची. व्हीएफवर ‘हा कोणाच्या तरी हाताखाली आहे’ ही खूण ‘रजिस्टर’ ऐकल्यावर केली जात होती. त्याआधीच युजरस्पेसने त्याला पाहिलं, तर तो स्वतंत्र इंटरफेस समजून त्याला पत्ता द्यायला धावणार. म्हणून खूण करण्याचं काम ‘पोस्ट-इनिट’मध्ये नेलं. पण ‘पोस्ट-इनिट’ नव्याने येत नाही. नेटव्हीएससीने साखळीत नाव घालण्याआधी व्हीएफ नोंदला गेला असेल तर ती सूचना कायमची हुकते. म्हणून तिसरी दुरुस्ती: साखळीत सामील होणं अगदी आधी, स्वतःचा ड्रायव्हर व्हीएमबसकडे नोंदवण्याच्याही आधी करायचं.

आणि इथेच नवा घोळ जन्माला आला. समजा मॉड्यूल काढून पुन्हा लोड केलं, आणि व्हीएफ आपल्या जागी हजरच आहे. साखळीत शिरताक्षणी त्याच्यासाठी ‘रजिस्टर’ नव्याने येते. तोवर नेटव्हीएससीचं स्वतःचं कृत्रिम कार्ड जन्मालाच आलेलं नसतं. मघाची तपासणी आपलं काम चोख करते: जोडीदार नाही, परत फिर. पुढे कृत्रिम कार्ड उभं राहतं, पण व्हीएफची ती सूचना आता पुन्हा येणार नसते. व्हीएफ वाऱ्यावर, वाहतूक हळू रस्त्याने. ही गोष्ट फेब्रुवारी २०२४च्या दुरुस्तीने सुधारली. कृत्रिम कार्डाची तयारी संपता संपता ड्रायव्हर आता स्वतःच यादी चाळतो आणि जुळणारा व्हीएफ दिसला तर तिथल्या तिथे जोडून घेतो. पहिल्यापासून असंच असायला हवं होतं, असं मला वाटतं. दोन वस्तूंची जोडी लावायची असेल आणि कोण आधी येईल हे आपल्या हातात नसेल, तर जोडण्याचा प्रयत्न दोन्ही आगमनांच्या वेळी व्हायला हवा. साखळी एकाच्या आगमनाची खबर देते. दुसऱ्याच्या वेळी पाहणं ड्रायव्हरकडेच उरतं.

नेटव्हीएससीची कथा तिथेही थांबत नाही, पण पुढचा भाग कळायला नेमस्पेस समजून घ्यायला हवी. कंटेनर आले आणि इंटरफेस एका नेमस्पेसमधून दुसऱ्यात सर्रास हलवले जाऊ लागले. हलवताना कर्नल जुन्या नेमस्पेसमध्ये ‘अनरजिस्टर’ आणि नव्यात ‘रजिस्टर’ पाठवतो. इंटरफेस जिवंतच असतो, त्याची अवस्थाही ‘नोंदलेला’ अशीच राहते. साखळीतल्यांना मात्र एक मरण आणि एक जन्म दिसतो. व्हीलॅनचा ड्रायव्हर हा फरक नीट ओळखतो. ‘अनरजिस्टर’ आल्यावर तो आधी इंटरफेसची अवस्था पाहतो. खरोखर मोडीत निघालेला असेल तरच त्याच्यावरचे व्हीलॅन काढून टाकतो, नाहीतर स्वस्थ बसतो. आलेल्या सूचनेचा अर्थ अवस्थेवरून लावायचा, याचा हा नमुना लहान आहे आणि अचूक आहे.

नेटव्हीएससीला याची गरज दुसऱ्या बाजूने पडली. व्हीएफ नोंदला जाताना कृत्रिम कार्ड वेगळ्या नेमस्पेसमध्ये असेल, तर व्हीएफला तिथे न्यायची तजवीज होती. पण जोडी जमल्यानंतर कोणी कृत्रिम कार्ड दुसरीकडे हलवलं तर व्हीएफ मागेच राहायचा. ऑक्टोबर २०२४च्या बदलाने त्यावर तोड काढली. इतके दिवस ड्रायव्हर स्वतःच्या कार्डाच्या सूचना गाळत असे. आता तो त्यातली ‘रजिस्टर’ ऐकू लागला, आणि ती हलवाहलवीमुळे आली असेल तर व्हीएफलाही सोबत नेऊ लागला. वापरणाऱ्याच्या दृष्टीने हे योग्यच होतं. अडचण निघाली ती नेमस्पेस पुसली जाताना. अशा वेळी कर्नल तिच्यातल्या इंटरफेसांची यादी एकेक करून चालतो आणि मूळ नेमस्पेसमध्ये परत पाठवण्याजोगे असतील ते पाठवतो. कृत्रिम कार्ड परत गेलं, त्याची ‘रजिस्टर’ आली, आणि हँडलरने त्याच घडीला व्हीएफही उचलून नेला. यादीवर चालणाऱ्या त्या लूपने पुढची कडी म्हणून बहुधा व्हीएफच धरून ठेवलेला. तो आता दुसऱ्याच यादीत. लूपला शेवट सापडेना आणि कर्नल पॅनिक. २०२५मध्ये त्याची दुरुस्ती झाली: व्हीएफ हलवण्याचं काम वर्कक्यूवर टाकायचं आणि तिथे आरटीएनएल घेऊन सावकाश करायचं.

हे उदाहरण फक्त नेटव्हीएससीपुरतं नाही. हँडलर कोणाच्या तरी लूपच्या मध्यात बोलावला जातो, आणि त्या लूपच्या पायाखालची यादी आपण बदलू नये, हा नियम साखळीत कान लावून बसणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला लागू आहे. तो कुठे ठळकपणे लिहिलेला नसतो. सूचना कोठून सुटते ते वाचल्याशिवाय कळतही नाही. म्हणून हँडलर लिहिणाऱ्याने घटनेचं नाव पाहून न थांबता, ती सूचना देणाऱ्या प्रत्येक जागेचा कोड उघडून पाहावा असं मी आग्रहाने म्हणेन.

उभारणीइतकंच निरवानिरवीकडे लक्ष लागतं. ‘रजिस्टर’ ऐकून ड्रायव्हरने इंटरफेसचा संदर्भ धरून ठेवला, तर ‘अनरजिस्टर’ला तो सोडायलाच हवा. नोंदणी रद्द करताना कर्नल सगळे संदर्भ सुटेपर्यंत थांबतो, आणि कोणी सोडलाच नाही तर लॉगमध्ये तो कुप्रसिद्ध संदेश दर दहा सेकंदांनी उमटू लागतो: अमुक इंटरफेस मोकळा होण्याची वाट पाहतोय, वापरसंख्या १. डॉकर वापरणाऱ्यांनी लूपबॅक इंटरफेसच्या नावाने हा संदेश वर्षानुवर्षं पाहिला. नेमस्पेस पुसली जात नाही, नवे कंटेनर सुरू होत नाहीत, शेवटी मशीन रीबूट. यातला खरा जाच असा की वापरसंख्या हा निव्वळ एक आकडा. तो कोणी वाढवला हे त्यावरून कळत नाही. २०२२च्या सुरुवातीला ५.१७ आवृत्तीत एरिक ड्युमाझे यांनी संदर्भांचा मागोवा ठेवणारी यंत्रणा आणली. ती चालू केली की प्रत्येक संदर्भ घेतानाची कॉल-साखळी नोंदवली जाते, आणि अडकल्यावर कोणाचा संदर्भ उरला ते नावानिशी दिसतं. गेल्या काही वर्षांत या विषयात झालेल्या कामांपैकी सर्वांत उपयोगी काम मी हेच मानतो.

हरकत घेण्याच्या हक्काचा चांगला वापर पाहायचा तर स्विच चिपचे ड्रायव्हर पाहावेत. मेलानॉक्सच्या स्पेक्ट्रम चिपसाठीचा एमएलएक्सएसडब्ल्यू ड्रायव्हर घ्या. एखादा पोर्ट ब्रिजमध्ये किंवा बाँडमध्ये जाण्याआधी जी सूचना येते, तिच्यातच तो हार्डवेअरला न झेपणारी रचना नाकारतो आणि नकाराचं कारणही सोबत देतो. ते कारण कमांड चालवणाऱ्याच्या टर्मिनलवर वाचता येतं. २०१३मध्ये उघडलेल्या त्या स्ट्रक्चरच्या वाटेचं हे चीज झालं. आधी होकार द्यायचा आणि मग हार्डवेअरमध्ये अर्धवट रचना ठेवायची, यापेक्षा हे किती तरी पटींनी प्रामाणिक.

आता लॉकचं. या साऱ्या सूचना आरटीएनएल धरून दिल्या जातात. हँडलरमध्ये ते पुन्हा मागितलं तर कर्नल स्वतःचीच वाट पाहत बसतो, हे ड्रायव्हर लिहिणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात कळतं. पण एकाच लॉकखाली सगळ्या मशीनचे सगळे इंटरफेस, म्हणजे हजारो कंटेनर असलेल्या ठिकाणी रांग. म्हणून हे लॉक फोडायचं काम चालू आहे. एका बाजूने दर नेमस्पेसला वेगळं आरटीएनएल, दुसऱ्या बाजूने प्रत्येक इंटरफेसचं स्वतःचं लॉक. इंटरफेसचं लॉक स्वीकारलेल्या ड्रायव्हरांसाठी कर्नलच्या दस्तऐवजात २०२५पासून लिहिलेलं आहे की ‘रजिस्टर’ आणि ‘अप’ या सूचना त्या लॉकखाली दिल्या जातात आणि ‘अनरजिस्टर’ त्याशिवाय. यादीत नसलेल्या सूचनांबद्दल हँडलरने काहीच गृहीत धरायचं नाही. ‘रजिस्टर’ आणि ‘अनरजिस्टर’ दोन्हींसाठी एकच मदतनीस फंक्शन वापरणारे हँडलर पुष्कळ आहेत. त्या फंक्शनने लॉक मागितलं तर नोंदणीच्या वेळी अडकणार, न मागता काम केलं तर निरोपाच्या वेळी उघडं पडणार. हे हँडलर आता एकेक करून उघडून पाहावे लागतील, आणि ते काम प्रत्येक ड्रायव्हर सांभाळणाऱ्याच्या वाट्याला आलेलं आहे.